झिजलेल्या तबकड्यांची उलटी मोजणी
(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

चाळीस मिनिटं दिलीत आणि गाणी दहा आहेत. म्हणजे गाण्याला चार मिनिटं. जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, तेव्हा हिशेब जमायला हरकत नाही, असं मी संयोजकांना म्हणालो. ते नुसते हसले. मला बऱ्याच वर्षांपासून ओळखतात ते.

तर माझ्या संग्रहातली दहा गाणी, दहापासून एकपर्यंत. पण क्रम मी लावलेला नाही, हे आधी सांगतो. आवडीची गाणी सांगा म्हटलं की माणूस चारचौघांत शोभतील अशीच गाणी सांगतो. निदान एक कुमार गंधर्वांचं, एक मल्लिकार्जुन मन्सुरांचं, आणि आपण अगदीच सोवळे नाही हे दाखवायला एखादी लावणी. मीही तेच केलं असतं. म्हणून मी एक दिवस संग्रह खाली काढला आणि तबकड्यांनाच विचारलं. जी बाजू जास्त झिजली, तिचा नंबर वर. ही माझी पद्धत, आणि तिची बाजू मांडायलाच मी आज आलोय. गाणी हे निमित्त.

तबकडी झिजते कशी, हे पुढच्या रांगेतल्या मंडळींना सांगायला नको. मागे तरुण मंडळी बसलीत त्यांच्यासाठी सांगतो. ७८ची तबकडी लाखेची. नुसत्या लाखेची नव्हे, त्यात दगडाची बारीक भुकटी असायची. मुद्दाम घालायचे. पोलादी पिन खाचेत उतरली की त्या भुकटीनं घासून तिचं टोक खाचेच्या मापाचं व्हायचं. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची. ग्रामोफोनचा तो पिन धरणारा जड साउंडबॉक्स पिनेवर सगळा भार टाकून बसलेला असायचा आणि पिनेची डबी संपत आली की घरोघरी काटकसर सुरू! एकच पिन चार-चार बाजूंना. तीच काटकसर खाचा खाऊन टाकायची. त्यातही गंमत बघा. गायक जिथे जोरात आणि वरच्या पट्टीत जातो तिथे पिन जास्त थरथरते आणि तिथेच जास्त खरवडते. म्हणजे ज्या जागेला आपण 'वा' म्हणतो नेमकी तीच जागा आधी जाते. शिवाय मध्याकडे खाचांची वर्तुळं लहान होतात, पिनेखालून वेग कमी सरकतो, आणि शेवटचं कडवं सगळ्यात आधी खरखरायला लागतं. संग्राहक तबकडी विकत घेताना उजेडाकडे तिरकी धरून बघतो ते यासाठी. काळी कुळकुळीत दिसली तर कुणी फारशी ऐकलेली नाही. करडी पडलेली दिसली की समजायचं, या घरात गाणं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गीतमालेनं आधीच केलंय. केलंय ना. अमीन सयानींनी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठ वाजता हिंदी सिनेगाण्यांची बिनाका गीतमाला सादर केली आणि सगळ्या देशाला उलटं मोजायला शिकवलं. 'पायदान', म्हणजे यादीतली पायरी, हा शब्द आम्हाला शाळेनं नाही, त्यांनी दिला. २०२४ साली ते गेले तेव्हा आमच्या पिढीतल्या कित्येकांनी घरातला कुणी गेल्यासारखं मानलं. आणि ही गीतमाला कोलंबोहून का ऐकावी लागली? कारण आपले नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर. मराठी माणूस! शास्त्रीय संगीताचं भलं व्हावं म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकलं नाही, रेडिओचा काटा सिलोनवर नेला. पुढे १९५७ला विविध भारती काढावी लागली तेव्हा कुठे गाणी परत आली. केसकरांबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण लोकांची आवड हुकमानं ठरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. असो. गीतमालेचा क्रम लागायचा दुकानातल्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर. फर्माइशींसाठी गाजलेल्या झुमरी तलैयातून पत्र टाकायला फक्त पोस्टकार्ड लागतं. विकत घेतलेली तबकडी कपाटातही पडून राहू शकते. तबकडी झिजवायला मात्र दर वेळी उठून चावी द्यावी लागते.

दहा नंबर. 'रानारानांत गेली बाई शीळ'. कविता ना. घ. देशपांड्यांची, मेहकरला वकिली करणारे कवी, आणि गायलेत जी. एन. जोशी. मराठी भावगीताची सुरुवात इथून मानतात. जोशी पुढे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत गेले आणि मोठमोठ्या गवयांची ध्वनिमुद्रणं त्यांनी केली. ही तबकडी मी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतली, त्यामुळे तिच्यावरची झीज माझी नाही. लेबलावर शाईनं एका बाईंचं नाव आहे, ते सांगत नाही. पण तबकडी तिरकी धरली की मध्यावर बोटभर रुंदीचा एकच पट्टा करडा दिसतो, बाकी तबकडी बऱ्यापैकी काळी. म्हणजे त्या बाईंनी पिन उचलून पुन्हा पुन्हा तिथेच ठेवली. मी लावून ऐकलं. तिथे शब्द जवळजवळ ऐकूच येत नाहीत. कुठल्या ओळीसाठी त्या परत जात होत्या ते कवितेच्या पुस्तकात बघून ठरवावं लागलं, आणि ठरलं तेही मी माझ्यापाशीच ठेवणार. परक्या बाईंचा खासगी मामला आहे. दुसऱ्याचं मत माझ्या यादीत कसं, असं अध्यक्ष विचारतील. तबकडी माझ्या कपाटात आहे, तिच्याबरोबर बाईंचं मतही आलं.

नऊ. अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी ठुमरी, 'जमुना के तीर'. खाँसाहेब राहिले ते मिरज इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा मी खाँसाहेबांना नवव्या नंबरावर टाकतोय हे ऐकून काही जण खुर्चीत सरकले, मला दिसलं. तोंडानं विचारलं असतंत तर पहिला नंबर हाच सांगितला असता. तीन-साडेतीन मिनिटांत भैरवी इतकी भरून कुणी ठेवली असेल असं मला वाटत नाही. पण तबकडी चकचकीत आहे! घरी कुणी जाणकार आलं की काढायची, दोन्ही हातांनी धरायची, नवी पिन, सगळे गप्प, मग परत पाकिटात. आपण खाँसाहेबांची पूजा केली, ऐकलं कमी. पद्धतीचा निकाल आहे, माझा इलाज नाही.

आता आठ नंबरावर जायच्या आधी कॅसेटबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. (संयोजकांनी घड्याळाकडे बघितलेलं मी बघितलंय.)

ऐंशीच्या दशकात गावोगाव गाणी भरून देणारी दुकानं होती. आपण यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दुकानदार आपल्या एलपीवरून, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकड्यांवरून, गाणी उतरवून द्यायचा. आमच्या गावातही असं एक दुकान होतं. आठ फूट रुंद, भिंतीला एलपींची रांग, आणि गल्ल्यामागे एक गृहस्थ. त्यांनी मला कधी 'या' म्हटलं नाही. यादी घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, वाचायचे, आणि एखाद्या गाण्यावर पेन्सिलीनं हलकीशी फुली मारायचे. का, ते विचारायचं नाही. चार दिवसांनी कॅसेट. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेननं गाण्यांची नावं, अक्षर असं की छापलंय वाटावं.

मी एकदा मोठ्या कष्टानं यादी केली. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. मी गाणी चढत्या क्रमानं लिहिली, सर्वांत आवडतं सगळ्यात शेवटी, बाजू बी, शेवटचं. मनात अमीन सयानी बोलत होते म्हणा ना. कॅसेट हातात आली तर माझं सरताज गीत बाजू एवर, तिसरं! बी बाजूच्या शेवटी मी न सांगितलेलं एक गाणं. वर एक गाणं गायबच. मी दुकानात गेलो. आवाज चढवला नाही, पण जरा तोलून मापून बोललो. गृहस्थांनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, गाणी मिनिटांनी बसतात, आवडीनं नाही."

मग त्यांनी मला हिशेब दाखवला. वहीत प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं आणि सेकंद लिहिलेले. माझ्या क्रमानं भरलं असतं तर ए बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात तुटत होतं. तुटलेलं गाणं आपण देत नाही, हे त्यांचं तत्त्व. बी बाजूला साधारण तीन मिनिटं उरत होती. कोरी फीत सोडणं हे दुसऱ्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी त्यांच्या पसंतीचं गाणं घातलं. आणि गायब झालेलं? "ते तुमच्या बाकीच्या गाण्यांत बसत नव्हतं." हे मिनिटांचं नव्हतं, मंडळी! ही सरळ सेन्सॉरशिप होती. मी पैसे दिले आणि घरी आलो. पुढची यादीही त्यांनाच दिली, कारण अख्ख्या गावात तशा एलपी दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. ते दुकान पुढे झेरॉक्सचं झालं आणि त्यानंतर मोबाइल रिचार्जचं. आजही त्या रस्त्यानं गेलो की मला ते गायब झालेलं गाणं आठवतं आणि राग येतो. कुठलं ते विचारू नका, मुख्य मुद्दा राहून जाईल.

किती उरलीत? बारा मिनिटं. बरं. भरभर घेतो.

आठ, 'ऋणानुबंधाच्या'. बाळ कोल्हटकरांचं नाटक, वसंत देसाईंची चाल, कुमार गंधर्व आणि वाणी जयराम. सात, 'शुक्रतारा मंद वारा'. शब्द पाडगावकरांचे, चाल खळेकाकांची, गळे अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे. याच्या तबकडीवर चहाचा डाग आहे, तो मोजणीत धरलेला नाही. सहा, 'घनश्याम सुंदरा', १९५१च्या 'अमर भूपाळी' चित्रपटातलं, पंडितराव नगरकर आणि लताबाई. हे आमच्याकडे फक्त सकाळी लागायचं, तरी इतकं झिजलंय. पाच, 'शोधिसी मानवा राउळी मंदिरी'. श्रीकांत ठाकऱ्यांनी मोहम्मद रफींकडून मराठी गाऊन घेतलं. चार, 'ये रे घना'. आरती प्रभू, हृदयनाथ, आशाबाई, आणि याच्यावर एक वेगळं व्याख्यान द्यायला मी तयार आहे, अध्यक्षांनी नोंद घ्यावी. तीन, 'इंद्रायणी काठी', 'गुळाचा गणपती', १९५३, माडगूळकर, पु. ल. आणि भीमसेन. वडील आषाढीला लावायचे आणि मग आषाढी संपली तरी लावायचे. दोन, त्याच वर्षीच्या 'देवबाप्पा'तलं 'नाच रे मोरा'. पुन्हा माडगूळकर, पुन्हा पु. ल. घरातल्या पोरांनी तबकडीची चाळण केलीय. पिन आडवी ओढल्याचा ओरखडा आहे, मध्यापासून कडेपर्यंत.

एक बघा, आता लक्षात आलं म्हणून सांगतो. अब्दुल करीम खाँ उत्तर प्रदेशातल्या कैराण्याचे, कुमार आणि भीमसेन कानडी घरातले, वाणी जयराम तमिळ, सुधा मल्होत्रा पंजाबी, रफीसाहेब पंजाबचे. आणि पहिला नंबर बंगाली माणसाचा आहे. दहापैकी सात गाण्यांत गळा मराठी घरातला नाही... थांबा, सहा गाण्यांत. सहा गाण्यांत मायबोली मराठी नसलेला गळा आहे. अस्मितेवर बोलणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा. मला वेळ नाही.

मुख्य मुद्दा. झीज ही एकट्याची नसते, घराची असते. आई, पोरं, पाहुणे, जुन्या बाजारातल्या अनोळखी बाई, सगळ्यांनी मिळून ती यादी केलेली असते आणि ती कुणी बोलून दाखवलेली नसते. आता फोनवर गाणं कितीदा वाजलं हे मोजलं जातं, मान्य. पण माणूस झोपलेला असतो, गाणं चालू असतं, तेही मोजतात. आणि तो आकडा कंपनीकडे असतो. माझ्या नातीनं एखादं गाणं हजारदा ऐकलं तरी तिच्या फोनवर ओरखडा उठत नाही. उद्या तिच्या नातीला उजेडाकडे तिरकं धरून बघायला हातात काय मिळेल? याच्यावर पंधरा मिनिटं बोलणार होतो. पाच ओळींत उरकलं.

एक नंबर. 'घन घन माला नभी दाटल्या'. १९६२चा 'वरदक्षिणा', माडगूळकर, वसंत पवार, गायलेत मन्ना डे. ही तबकडी नाही, कॅसेट आहे. बाजू बी, शेवटचं गाणं. होय, तेच, त्या गृहस्थांनी उरलेल्या तीन मिनिटांत घुसडलेलं. कॅसेट मागे नेऊन नेऊन फीत तिथे इतकी ताणलीय की 'घन' म्हणताना मन्नादांचा आवाज डगमगतो. मी मागितलं नव्हतं. घरात कुणीच मागितलं नव्हतं. पाऊस सुरू झाला की कुणीतरी उठून टेप मागे न्यायचं, एवढंच.

संपली वेळ. अध्यक्ष उभे राहिलेत. तबकड्या बाहेरच्या टेबलावर मांडल्यात, बघा, हातात घ्या, पण कडेनं धरा आणि उजेडाकडे तिरक्या करून बघा. घरी न्यायला मात्र कुणी मागू नये.