होमरच्या नावाचं फुलपाखरू

मंडळी, कोणाकोणाच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे? बरेच हात वर आले. मग पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी तुम्ही त्यावर पाहिली असेलच. मोठी झाली की ती हिरवीगार होते. काडीने जरा डिवचली तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि भपकन उग्र वास येतो. स्वॅलोटेल, म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांच्या घराण्याची ही खूण. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय, त्याच्या अळीलाही असंच शिंग असतं. फक्त त्याचं घर आहे जमैकात.

पॅपिलिओ होमेरस. कंपासपेटीतली 15 सेंटीमीटरची पट्टी आठवा, साधारण तेवढा याचा पंखविस्तार. दोन्ही अमेरिकांमध्ये याहून मोठं शेपटीवालं नाही. काळपट पंखांवर रुंद पिवळा पट्टा, मागच्या पंखांवर निळे ठिपके, आणि शेपट्या चमच्यासारख्या पसरट.

नाव ठेवलं फाब्रिसियसने, 1793 साली. हा लिनियसचा शिष्य (जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून दिली तो लिनियस), आणि या घराण्याला ट्रॉयच्या युद्धकथेतली नावं द्यायचा नाद मूळ लिनियसचा. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत घ्या: पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. पॉलिम्नेस्टर हा त्याच कथेतला थ्रेसचा राजा, चांगलाच विश्वासघातकी. (नीलवंताला शेपटी नाही, तरी घराणं तेच.) पात्रांची नावं वाटून झाल्यावर ती कथा सांगणाऱ्या खुद्द ग्रीक कवी होमरलाही एखादं फुलपाखरू मिळणारच होतं!

जमैका आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. त्यातही हे आता दोनच टोकांना उरलंय. पूर्वेला ब्लू आणि जॉन क्रो डोंगर, पश्चिमेला कॉकपिट कंट्री. तिथे चुनखडीच्या गोल टेकड्या दाटीवाटीने उभ्या, आणि मध्ये खोल खळगे. इंग्रजांना ते कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यासारखे दिसले, म्हणून कॉकपिट. मळ्यांतून पळालेले गुलाम आणि त्यांचे वंशज, ज्यांना मरून म्हणतात, ते या दोन्ही रानांच्या आसऱ्याने लढले. गनिमी कावा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. इंग्रजी फौज थकली आणि 1739 साली पश्चिमेकडच्या मरूनांशी तह करून मोकळी झाली. मला वाटतं, फुलपाखरू वाचलं तेही याच अडचणीच्या जागेमुळे. तिथे नांगर चालत नाही, गाडी जात नाही.

पण अडचणीलाही किंमत येते. पूर्वेच्या डोंगरउतारांवर कॉफी आली. पश्चिमेच्या मातीत बॉक्साइट निघालं. सरकारने 2017 साली कॉकपिट कंट्रीची हद्द ठरवून आत खाणीला मनाई केली, तर हद्द नेमकी कुठून जावी यावर वाद पेटला. पकडून परदेशात विकायला साइट्स कराराची (दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदी आहे. ती हवीच, पण अळीचं पोट बंदीने भरत नाही.

तिला लागतात हर्नँडियाच्या झाडाची पानं. त्यातही पश्चिमेला एक जात, पूर्वेला दुसरी. पूर्वेला काही ठिकाणी रान तोडून पाइन लावले. लांबून डोंगर हिरवाच दिसतो, पण अळीच्या दृष्टीने तो ओसाड. बरं, हर्नँडिया आहे तिथे तरी सुखरूप म्हणावं, तर नाही. टाचणीच्या टोकाएवढी एक गांधीलमाशी असते. ती या फुलपाखराच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, आणि दिवस भरले की त्यातून बाहेर पडते ती गांधीलमाशी.