रिवेटच्या ट्रेलरला रॅप: व्हिनाइल कास्ट घेतलंत, लॅमिनेशनचं काय?

नमस्कार मंडळी. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, ज्याला त्याला फूड ट्रेलर उभा करून त्यावर रॅप, म्हणजे छापील चिकट फिल्म, चढवायचाय, आणि कमेंटमध्ये तोच प्रश्न फिरून फिरून येतोय: "रॅप केला, पण रिवेटभोवती (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवती) महिन्याभरात फुगे आले. लावणारा चुकला का?" कधी कधी चुकतो. पण बऱ्याचदा घोटाळा मटेरियल घेतानाच झालेला असतो.

बेसिक पटकन उरकतो. व्हिनाइल म्हणजे रॅपची प्लास्टिक फिल्म, ती दोन प्रकारची. कॅलेंडर्ड व्हिनाइल म्हणजे लाटलेली पोळी: गरम रोलरमधून दाबून, ताणून काढलेलं. कास्ट म्हणजे घावन: पातळ मिश्रण कागदावर ओतून भट्टीत सुकवलेलं. मैद्याची पुरी लाटून ठेवली की आक्रसते ना, तसं कॅलेंडर्ड ऊन लागलं की मूळ मापाकडे परत ओढ घेतं. घावनाला कुणी ताणलेलंच नसतं, ते जागच्या जागी राहतं. कास्ट साधारण ५० मायक्रॉनचं, कॅलेंडर्ड ७५ ते १००चं. सपाट बोर्डाला कॅलेंडर्ड चालतं. रिवेटला कास्टच. इथवर बहुतेकांना माहीत असतं.

आता माझं दुखणं. व्हिनाइल कास्ट घेतात आणि वरून लॅमिनेशन, म्हणजे छपाई झाकणारी पारदर्शक फिल्म, कॅलेंडर्ड मारतात! "वरचं तर नुसतं प्लास्टिक आहे, त्याला कशाला खर्च?" अहो, ते नुसतं वर बसत नाही. लॅमिनेट झाल्यावर दोन्ही मिळून एकच फिल्म होते, आणि ती वागते त्यातल्या हट्टी थरासारखी. खालचा थर रिवेटच्या डोक्यावर बसायला तयार असतो, वरचा त्याला उचलून तंबू करतो.

पटत नसेल तर हे बघा. हा पत्र्याचा तुकडा, त्यावर दोन नमुने, १० सेंटिमीटरचे चौकोन. डावीकडे कास्टवर कास्ट, उजवीकडे कास्टवर कॅलेंडर्ड. दोन्हींवर ब्लेडने फुली मारली आणि हीट गन फिरवली. डावीकडची फुली मिटलेलीच आहे. उजवीकडे बघा, काप उघडला, मधून पत्रा चमकतोय. ही ओढ रिवेटच्या कडेला रोज दुपारी चालू असते. दुकानदार "कास्टच आहे, साहेब" म्हणाला तरी हातभर तुकडा मागून घ्या आणि हे करून बघा.

आणि पैशांचा हिशोब. १० फूट लांब, ६ रुंद, ७ उंच ट्रेलर धरा. दोन बाजू १४०, पुढचं-मागचं ८४, मिळून २२४ चौरस फूट. वाया जाणारं २० टक्के धरलं की २७०च्या आसपास. तेवढ्यावर लॅमिनेशनमध्ये वाचवलेले पैसे फिल्म खरवडून काढायच्या मजुरीतच जातात. शिवाय कंपनीची हमी ठरलेल्या जोडीवरच मिळते: थ्रीएम कंपनीची आयजे १८० ही कास्ट फिल्म घेतली तर वर लॅमिनेशन ८५१८ ग्लॉस किंवा कमी चमकेची ८५१९. दुसरी कंपनी असेल तर तिच्या डेटाशीटमध्ये जोडी बघा, आणि बिलावर दोन्हींचे नंबर लिहून घ्या. नुसतं "लॅमिनेशनसह" लिहिलेलं बिल घेऊ नका.

"मॅट की ग्लॉस?" आवड तुमची. फक्त मॅटला हीट गन जास्त झाली की तिथे चकाकणारा डाग पडतो, आणि तो जात नाही.

सॉल्व्हंट प्रिंट (उडून जाणाऱ्या द्रावकाच्या शाईची छपाई) असेल तर लॅमिनेशनआधी २४ ते ४८ तास सुकू द्या, रोल घट्ट गुंडाळून नव्हे, सैल सोडून. अडकलेलं सॉल्व्हंट गोंद मऊ करतं आणि फिल्म रिवेटवर पकड सोडते. लेटेक्स प्रिंटला (पाण्यावर आधारित शाई) ही भानगड नाही.

पत्र्याकडे या. रिवेटभोवती काळं कडं दिसतंय? तो रिवेट सैल आहे, घासून ॲल्युमिनियमची काळी भुकटी निघतेय. आधी तो बदला. हलणाऱ्या रिवेटवर कुठलीच फिल्म टिकत नाही. पॉलिश, सिलिकॉन, तेल साबणाच्या पाण्याने धुवा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. नाशिकच्या एप्रिलमध्ये उघड्यावर काम नको. ३ मीटरची ॲल्युमिनियम शीट ३० अंशांच्या फरकाने २ मिलिमीटर वाढते, आणि तापलेल्या पत्र्यावर गोंद लगेच धरतो, फिल्म उचलून सरकवता येत नाही. सावलीत, पत्रा १६ ते ३२ अंशांत असताना लावा.

जोड रिवेटच्या ओळीवर आणू नका. लावायला मागून पुढे या, म्हणजे पुढचा तुकडा मागच्यावर १२ मिलिमीटर चढेल आणि हायवेवरचा वारा कड उचलणार नाही.

रिवेटवर स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) दाबायची नाही, फिल्म फाटते. आधी भोवतीचा सपाट भाग बसवा, डोक्यावर तंबू राहू द्या. टाचणीने तंबूच्या कडेला तीन-चार भोकं पाडा, ब्लेडने नाही. गरम करा, फिल्म मऊ झाली की रिवेट ब्रश गोल गोल, बाहेरून आत. शेवटी रिवेटभोवतीची फिल्म पुन्हा ९५ ते १०० अंशांपर्यंत तापवा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून. अंदाजाने नको. ही शेवटची गरमी बरेच जण टाळतात, आणि मग दोष कास्टला देतात.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर भर उन्हात उभा करा आणि एकेका रिवेटभोवती बोट फिरवा. २-३ मिलिमीटर उचललेलं लागलं तर पुन्हा टाचणी, हीट गन, ब्रश. सगळ्याच ओळी उचलल्या असतील, तर बिल काढा आणि लॅमिनेशनचा नंबर वाचा.