तळहातावरचं ऊन

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘रखरखीत उन्हात पांढरा रंग कसा टिपावा’. तिकडं येणारच आहे. पहिल्या रांगेत आमचे हे मनगटावरचं घड्याळ हातात काढून बसलेत, त्यामुळं न येऊन सांगते कुणाला! पण आधी एक जुना हिशेब मिटवायचाय. त्याला पाच मिनिटं पुरतील.

आमच्या लग्नात आहेर म्हणून चार चादरी आल्या. सोलापुरात चादरी! आणि यांच्या मामांनी दिला एक रशियन झेनिट कॅमेरा, वजनाला वरवंटा. त्याला बॅटरी नाही, उजेड पडला की कपाळावरच्या, उजेड मोजणाऱ्या सेलेनियमच्या मीटरचा काटा हलणार. कॅमेरा एक, माणसं दोन, रोल छत्तीसचा. म्हणून अठरा-अठराची वाटणी ठरली. यांचा अठरावा फोटो कायम एकविसाव्यावर संपायचा. हसू नका, तुमच्याही घरी रिमोटचं तेच आहे.

तर १९८८ची गड्ड्याची यात्रा, आपल्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची. सम्मती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा. तुम्हाला काय सांगायचं ओ, सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या समोर, डोक्यावर ऊन, जिकडं बघाल तिकडं पांढऱ्या बाराबंद्या, बंदांचे ते अंगरखे. सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न आणि आख्खं गाव वऱ्हाडी. त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडं, कारण यांचे अठरा (म्हणजे एकवीस) सकाळीच संपले होते. मी यांना म्हटलं, “हात पुढं करा.” यांनी अक्षतांची मूठ उघडली. मी म्हटलं, “तो नाही, रिकामा हात.” त्या तळहातावरून मीटर बघितला. तेवढ्यात ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं, हर्र म्हणून गर्दी ओरडली, यांनी अक्षता फेकल्या आणि मी बटण दाबलं. एकच फोटो. दुसरा काढायला रोलच उरला नाही.

पुढं तो फोटो एका प्रदर्शनात लागला. कुठल्या ते विचारू नका, त्यातले दोघं-तिघं आज इथं बसलेत. खाली पट्टीवर नाव कुणाचं? यांचं! मी संयोजकांना गाठलं. ते म्हणाले, “वहिनी, एकच की वो. घरातलंच नाव आहे.” बक्षीस लागलं, प्रशस्तिपत्रकही यांच्याच नावाचं. आणि गंमत अशी की फोटोच्या डाव्या कोपऱ्यात तोंड वासून, हात वर करून अक्षता फेकणारा जो माणूस आहे ना, तो हाच. फोटो काढणारा फोटोतच उभा! तीन परीक्षकांपैकी एकालाही हे दिसू नये?

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, त्यांचंही सुरुवातीला असंच झालं. १९१३चा जन्म, नवसारीचा. फोटो बाईंनी काढायचे आणि छापून यायचे नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावानं. पण त्यांना कॅमेरा शिकवला माणेकशॉंनीच, हेही खरं. पुढं बाईंनी ‘डालडा १३’ हे नाव घेतलं, गाडीच्या डीएलडी १३ या नंबरावरून. २०११ साली पद्मविभूषण मिळालं. मला अजून प्रशस्तिपत्रकसुद्धा नाही.

यांचं म्हणणं वेगळंय. हे म्हणतात, बटण तुझं, पण उजेड माझ्या हातावर मोजलास. म्हणजे निम्मा फोटो माझा. इतक्या वर्षांत एवढा एकच मुद्दा यांनी बिनतोड मांडलाय, आणि माझं आजचं भाषण खरं तर त्याच्यावरच होतं...

आली चिठ्ठी. ‘चार मिनिटे’. अक्षर ओळखीचंच आहे.

बरं, भराभर सांगते. मीटर मूर्ख असतो. त्याला वाटतं, जगात सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे. बाराबंदी दाखवली की तो म्हणतो, बाप रे, केवढा उजेड! आणि प्रकाश कापतो. मग बाराबंदी धुपाटण्यातनं काढल्यासारखी येते. नान्नजच्या माळावर काळवीट नर दाखवला की उलटं. तो प्रकाश वाढवतो, काळवीट तपकिरी होतो आणि मागचं गवत पांढरंफटक. म्हणून पांढऱ्याला प्रकाश वाढवून द्यायचा, काळ्याला कमी करायचा. किती, याचा घोळ नको असेल तर तळहात धरा. माणूस गोरा असो, काळा असो, तळहातात फारसा फरक पडत नाही. करड्यापेक्षा तो साधारण एक स्टॉप, म्हणजे दुपटीनं, उजळ असतो. तेव्हा तळहातावर माप घ्यायचं आणि एक स्टॉप उघडायचं, म्हणजे प्रकाश दुप्पट आत घ्यायचा. त्या दिवशी रोल शंभर आयएसओचा होता (ती रोलची उजेड टिपायची ताकद), ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, सोळावर. काटा अडीचशेवर आला, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग; मी शटर सव्वाशेवर ठेवलं, म्हणजे दुप्पट वेळ उघडं. बाराबंदीच्या चुण्यासुद्धा आल्यात.

फक्त हात उन्हात हवा, तुमच्या सावलीत नको. स्वतःचाच हात धरायला गेलात की कॅमेरा एका हातात लटपटतो, झेनिट तर पायावरच पडतो. म्हणून दुसरं माणूस लागतं, आणि ते...

हो हो, संपवते. फोटो बाहेर चहाच्या टेबलाशी लावलाय. खालची पट्टी मी काल रात्री बदललीय. हे अजून तिकडं गेलेले नाहीत.