व्हीनसचं ताट

[पडद्यावर: न्यूयॉर्क. यूएस ओपनचं कोर्ट, रिकामं.]

३१ ऑगस्ट २०११. यूएस ओपन या टेनिस स्पर्धेची दुसरी फेरी. एका बाजूला जर्मनीची सबीन लिसिकी, दुसऱ्या बाजूला अमेरिकेची व्हीनस विल्यम्स. पण हा सामना झालाच नाही. व्हीनसने माघार घेतली आणि आपल्या आजाराचं नाव जगाला सांगितलं: शोग्रेन्स सिंड्रोम.

स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात या आजाराचं वर्णन केलं होतं. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते. अश्रू आटतात, लाळ आटते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, सांधे ठणकतात. आणि थकवा येतो, रात्रभर झोपून उठलं तरी न उतरणारा. ना प्लास्टर, ना टाके. समोरच्याला माणूस धडधाकट दिसतो. व्हीनसलाही बरीच वर्षं नेमकं निदान मिळालं नव्हतं. तिची धाप व्यायामामुळे होणाऱ्या दम्याची आहे, असंच आधी सांगितलं गेलं होतं.

[पडद्यावर: जुनी दृश्यं. विम्बल्डनचं हिरवळीचं कोर्ट.]

ही तीच व्हीनस, जी कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर वडिलांच्या हाताखाली घडली. विम्बल्डनची पाच एकेरी विजेतेपदं, यूएस ओपनची दोन. ताशी २०० किलोमीटरहून वेगवान सर्व्हिस. त्या हाताला आता रॅकेट जड झाली होती. क्रमवारीत ती पहिल्या शंभरातूनही बाहेर गेली.

उपचार सुरू झाले आणि त्यांच्या जोडीला व्हीनसने ताट बदललं. मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद. शिवाय शिजवलेलंही शक्यतो नाही. कच्च्या शाकाहाराच्या या पद्धतीत अन्न साधारण ४८ अंशांपेक्षा जास्त तापवत नाहीत. फळं, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, बिया, सुकामेवा, गव्हांकुरांचा रस. शरीरातला दाह कमी व्हावा, हा हेतू.

ऐकायला सोपं वाटतं. पण रोज तासन् तास घाम गाळणाऱ्या खेळाडूने असं जेवायचं म्हणजे काय, याचा विचार करा. पालेभाज्यांनी पोट भरतं, ऊर्जा मात्र फारशी मिळत नाही. मग ती भरून काढायची बदाम, अक्रोड, खजूर आणि बियांमधून. प्रथिनांचा हिशेब ठेवायचा. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून पुरेसं मिळत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. त्यात टेनिसचा दौरा वर्षातले बहुतेक महिने चालतो. आज विमानतळ, उद्या हॉटेल, परवा तिसराच देश.

व्हीनसला गोडाची आवड आहे, आणि आपण अधूनमधून नियम मोडतो हे तिने कधी लपवलं नाही. मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारा तो व्हीगन. नियम मोडणाऱ्या (‘चीट’ करणाऱ्या) अशा व्हीगनसाठी ‘चीगन’ हा गमतीचा शब्द आहे. तो ती स्वतःसाठी मोकळेपणाने वापरते. मला वाटतं, ही ढील दिली म्हणूनच तिचा आहार वर्षानुवर्षं टिकला.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट सांगायला हवी. शोग्रेन्स पूर्ण बरा करणारा उपाय अजून नाही, आणि आहाराने तो बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. या आहारामुळे आपल्याला खेळत राहता आलं, हा व्हीनसचा स्वतःचा अनुभव आहे. २०२० मध्ये तिने वनस्पतीजन्य प्रथिनांची कंपनी काढली, हेही तिचं बोलणं ऐकताना लक्षात असू द्यावं. ज्यांना हा आजार आहे, त्यांनी तिचं ताट पाहून आपली औषधं सोडू नयेत.

[पडद्यावर: लंडन, २०१२.]

मार्च २०१२ मध्ये व्हीनस मायामीच्या स्पर्धेतून कोर्टवर परतली आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. जूनमध्ये विम्बल्डनला एकेरीत पहिल्याच फेरीत हरली. पण त्याच स्पर्धेत धाकटी बहीण सेरेनासोबत दुहेरी जिंकली आणि ऑगस्टमध्ये त्याच हिरवळीवर ऑलिंपिकचं सुवर्णही. असंच चालत राहिलं. एक दिवस अंग साथ द्यायचं, एक दिवस नाही.

२०१७ साली ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन, दोन्हीकडे ती अंतिम फेरीत पोचली. तेव्हा ती ३७ वर्षांची होत होती. दोन्ही सामने हरली. आजाराचं निदान झाल्यानंतर तिला एकेरीचं एकही ग्रँड स्लॅम जिंकता आलेलं नाही. तरीही मला तिची ही वर्षं पहिल्या सात विजेतेपदांइतकीच मोठी वाटतात.

[पडद्यावर: पुन्हा न्यूयॉर्क. रात्र. भरलेलं स्टेडियम.]

जुलै २०२५ मध्ये, सोळा महिन्यांच्या खंडानंतर, व्हीनसने वॉशिंग्टनला २३ वर्षांच्या पेटन स्टर्न्सला ६-३, ६-४ असं हरवलं. आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा यूएस ओपनच्या कोर्टवर उभी होती. समोर कॅरोलिना मुखोव्हा, फ्रेंच ओपनची अंतिम फेरी खेळलेली. पहिला सेट गेला. दुसरा व्हीनसने ६-२ असा घेतला. तिसरा पुन्हा मुखोव्हाचा.

चौदा वर्षांपूर्वी याच स्पर्धेत तिला सामन्यासाठी कोर्टवर उतरताही आलं नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी ती पूर्ण तीन सेट खेळली.