कागदाची मागची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं, म्हणजे तुमचे डोळे मला उसने घ्यावे लागणार. म्हणून आधी एक छोटं काम सांगते. हाताशी टूथपेस्टचा किंवा औषधाचा रिकामा खोका असेल, तर घ्या. त्याची चिकटवलेली टोकं अलगद सोडवा आणि आत दुमडून गेलेल्या पट्ट्या पाहा. त्यातल्या एखाद्या पट्टीवर रंगीत ठिपके किंवा चौकोन ओळीने छापलेले दिसण्याची बरीच शक्यता आहे. सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा, कधी आणखी एखादा. हे ठिपके गिऱ्हाइकासाठी नसतात. छपाईच्या मशिनपाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणती शाई किती पडते आहे, हे एका नजरेत कळावं म्हणून ते असतात. वर्तमानपत्राच्या पानाच्या अगदी कडेलाही असेच चार बारीक ठिपके सापडतात. रोज डोळ्यांसमोर असूनही ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत.

मी ग्राफिक डिझायनर आहे. आमचा स्टुडिओ तीन माणसांचा. कामाच्या टेबलाखाली रुंद आणि उथळ खणांचं एक कपाट आहे, नकाशे ठेवायला असतं तसं. त्यात गेली कित्येक वर्षं आम्ही सापडलेले कागद ठेवत आलो आहोत. काडेपेट्यांवरची चित्रं, वापरून झालेली तिकिटं, बियाण्यांची पाकिटं, सामानाला बांधायचे टॅग, फोन डिरेक्टरीची सुटी पानं, छापखान्यात वाया गेलेले ताव. स्टुडिओत येणारा माणूस खण उघडतो, ‘काय सुंदर आहे!’ म्हणतो, मोबाइलवर फोटो घेतो आणि कागद परत ठेवतो. तेवढ्यात आमच्यापैकी कुणीतरी म्हणतंच, ‘उलटून पाहा ना!’ आज मला या उलटून पाहण्याविषयीच बोलायचं आहे.

काडेपेटीचं एक लेबल घेऊ. अंगठ्याच्या जेमतेम दोन पेरांएवढं. त्यावर एक जहाज आहे. शीड पिवळं, समुद्र निळा आणि मागे हिरवा डोंगर. भिंगाखाली धरलं की कळतं, मशिनवर हिरवी शाई चढलेलीच नव्हती. पिवळ्यावर निळा छापला आणि हिरवा फुकटात मिळवला. शिडाभोवती निळ्या रंगाची जाड कड आहे. ती नुसती शोभेची नाही. दोन रंग दोन वेगवेगळ्या खेपांत कागदावर उतरतात, आणि दुसऱ्या खेपेला कागद केसभर सरकतोच. कड जाड असली की पिवळा थोडा इकडेतिकडे झाला तरी तिच्याखाली झाकला जातो. या चित्रकाराला मशिनची खोड पक्की ठाऊक होती. आता लेबल उलटं करा. पाठीवर वाळलेला गोंद आणि लाकडाचे तंतू चिकटलेले आहेत. म्हणजे हे लेबल खरोखर पेटीवर बसलं होतं, खिशाखिशांतून फिरलं होतं. त्याच चित्राची दुसरी प्रत आमच्याकडे आहे. तिची पाठ स्वच्छ कोरी आहे. ती पेटीपर्यंत पोचलीच नाही. पुढून दोन्ही सारखी दिसतात.

स्क्रीनवर पाहताना हेच सगळं हरवतं. तिथे काडेपेटीचं लेबल आणि भिंतभर पोस्टर एकाच आकाराचं होऊन बसतं. जाडी नाही, घडी नाही, पाठ नाही. मीही दिवसभर स्क्रीनवरच काम करते, आणि दूरदूरच्या संग्रहांतल्या वस्तू स्क्रीनमुळेच मला पाहता येतात, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण माप आणि पाठ कळल्याशिवाय एखादी वस्तू मला समजली, असं मी आता म्हणत नाही. याला कारण घडलं आहे.

स्टुडिओ सुरू केला त्या वर्षीची गोष्ट. एका मासिकात मी एक अक्षर मोठं करून छापलेलं पाहिलं. जिथे दोन रेघा मिळतात तिथे आतून खोल खाचा होत्या, जणू कुणी छिन्नीने कोरल्यात. मी हरखून गेले. वाटलं, ही एखादी नवी शैली असावी. पुढच्याच पोस्टरच्या मथळ्यासाठी मी तशीच खाचांची अक्षरं काढली, वीतभर उंचीची, उत्तम आर्ट पेपरवर. पोस्टर लागलं, कुणाची तक्रार आली नाही. पुढे कधीतरी अमेरिकेतल्या फोन डिरेक्टरीचं एक पान हाती आलं, आणि तीच अक्षरं मला त्यांच्या खऱ्या मापात भेटली. दोन मिलिमीटरसुद्धा उंच नाहीत. त्या टाइपचं, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या त्या घडणीचं, नाव बेल सेंटेनियल. टाइप रेखाटणारे मॅथ्यू कार्टर यांनी तो एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या डिरेक्टरीसाठी केला, आणि १९७८ साली तो वापरात आला. आधीचा टाइप शिशाच्या छपाईच्या काळातला होता. नव्या यंत्रांवर त्याच्या रेघा झिजल्यासारख्या, तुटक दिसू लागल्या होत्या. त्यात डिरेक्टरीचा कागद पातळ आणि शाई पिणारा, आणि मशिनचा वेग प्रचंड. दोन रेघांच्या सांध्यात शाई साचते आणि तिथे डाग पडतो. म्हणून कार्टर यांनी सांध्यांत आधीच जागा कोरून ठेवली. शाई पसरते, खाच भरते आणि अक्षर पुरं होतं.

म्हणजे ती खाच दिसण्यासाठी नव्हतीच. ती भरून जाण्यासाठी होती. माझ्या गुळगुळीत कागदावर ती उघडीच्या उघडी राहिली.

हे समजलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. ती शाई जिथे फुटणार, तिथली जागा आधीच हेरणारा हा माणूस केवढा सावध! आपल्या देवनागरीत तर हे दुखणं आणखी नाजूक. ‘क्ष’ची गाठ, ‘ध’चं वळण, ‘ळ’ची दोन बारीक पोटं, ही लहान मापात हलक्या कागदावर पहिल्यांदा बुजतात. तेव्हापासून लहान मजकुराचं कुठलंही अक्षर निवडताना मी ते खऱ्या मापात, खऱ्या कागदावर छापून बघते. स्क्रीनवर मोठं करून ठरवत नाही.

टाकाऊ कागद जपण्याचा हा नाद काही आमचा नवा नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन यांनी त्यापायी आयुष्यातली कित्येक वर्षं वेचली. जाहिराती, कार्यक्रमपत्रिका, तिकिटं, लेबलं, जे जे छापून लोक फेकून देतात ते ते त्यांनी गोळा केलं. त्यांचा हा प्रचंड संग्रह १९६८ साली ऑक्सफर्डच्याच बॉडलियन ग्रंथालयात आला. मला त्यात सगळ्यात आवडतो तो या छंदाचा उगम. पहिल्या महायुद्धाआधी जॉन्सन इजिप्तमध्ये होते, जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांतून पपायरसचे तुकडे शोधत होते. हजारो वर्षांपूर्वीचा फेकलेला कागद आपण इतक्या मायेने उकरतो, मग आपल्या स्वतःच्या काळाचा कचरा कोण सांभाळणार, असा प्रश्न त्यांना तिथे पडला.

पपायरसचा विषय निघालाच आहे, तर पाठीची सगळ्यात मोठी गोष्ट सांगते. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवर अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाने ओळखला जाणारा एक ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इजिप्तमधून लंडनला पोचलेल्या गुंडाळ्यांवर तो सापडला आणि १८९१ साली छापून प्रसिद्ध झाला. गुंडाळीच्या पुढच्या बाजूला काय होतं माहीत आहे? शेतीचा जमाखर्च. इसवी सन ७८-७९ सालचा. हिशेब जुना झाला, मग कुणीतरी गुंडाळी उलटली आणि कोऱ्या पाठीवर ग्रंथ उतरवून घेतला. ही नक्कल त्या सालानंतरची आहे, हे आज आपल्याला त्या हिशेबामुळे सांगता येतं.

आणखी एक पाठ. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतात. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने तो १९३१ साली रेखाटला. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांतल्या तिरप्या रेघा, बस्स. जमिनीवरचं खरं अंतर त्याने सोडून दिलं. आधी तो नाकारला गेला. मग जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावेल अशा घडीच्या कागदावर तो लोकांना वाटला. नकाशाच्या पाठीला येणाऱ्या, घडीच्या दर्शनी पानावरचा मजकूर मला फार उशिरा पाहायला मिळाला. जुन्या नकाशाची ही नवी मांडणी आहे, तुमचं मत कळवा, असं आवाहन त्यावर होतं. नुसता नकाशा पाहताना वाटतं, हे असंच असणार, दुसरं काही असूच शकत नाही. ते पान वाचलं की कळतं, छापणाऱ्यांनाही खात्री नव्हती. माझ्या मते नकाशाबरोबर ते पानही वर्गात दाखवायला हवं. नवं काही करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याने फार बळ मिळेल.

आता आमच्या स्टुडिओत नवा कागद आला की खणात जाण्याआधी त्याची लांबीरुंदी मोजली जाते. पुढचा आणि मागचा, दोन्ही फोटो निघतात, आणि शेजारी पट्टी ठेवूनच. कुठे सापडला, कधी सापडला, हे पाकिटावर लिहितो, कागदावर कधीच नाही. चिकटपट्टी लावत नाही, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदही खाते. बस, एवढंच.

शेवटी आमच्या सगळ्यात लाडक्या कागदाविषयी. छापखान्यात नवं काम मशिनवर चढलं की सुरुवातीचे ताव रंग जुळेपर्यंत वायाच जातात. त्यासाठी कोरा कागद कोण खर्च करणार? आधीच्या कामांतले रद्दी ताव पुन्हा घालतात, कामावर काम छापलं जातं. असा एक ताव मला एका मशिनमनने दिला. त्यावर औषधाच्या माहितीपत्रकाच्या बारीक ओळी आहेत, त्यांच्यावर कॅलेंडरचे लाल आकडे, आणि त्या आकड्यांमधून वाहणारी भूगोलाच्या पुस्तकातली निळी नदी. हे कुणी ठरवून मांडलेलं नाही, आणि ठरवून मला ते जमणारही नाही. आलेले लोक विचारतात, याला फ्रेम का करत नाही? फ्रेम केली तर पाठ भिंतीकडे जाईल. त्या पाठीवर मशिनमनने पेन्सिलीने त्या दिवशी छापलेल्या तावांची बेरीज केली आहे, एक आकडा खोडून पुन्हा लिहिला आहे. म्हणून तो ताव आम्ही खोलीच्या मधोमध दोरीला दोन चिमटे लावून टांगलाय. खिडकी उघडली की तो आपोआप फिरतो.

नमस्कार.