हे शिसं कुणाचं?

या बाटलीत नदीचं पाणी आहे. नितळ, वास नसलेलं. यात शिसं असलं तरी ते डोळ्यांना दिसणार नाही, जिभेलाही कळणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे शंभर टन पाण्यात एक ग्रॅम शिसं. एवढंसं शोधायचं कसं?

प्रकाशाने. मोकळे झालेले अणू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. शिशाचे 283.3 नॅनोमीटरचा, कॅडमियम या धातूचे 228.8चा. या शोषणावरून धातू मोजता येतो, हे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन वॉल्श यांनी ऑस्ट्रेलियात 1950च्या दशकात दाखवून दिलं. शिसं शोधायचं, तर नमुन्यावर प्रकाश टाकणाऱ्या दिव्यातही शिसंच ठेवायचं! पोकळ कॅथोडच्या, म्हणजे शिशाचं पोकळ ऋण टोक असलेल्या या दिव्यातून नेमका तोच प्रकाश निघतो, जो नमुन्यातल्या शिशाला शोषता येतो. इतकी साधी, इतकी सुंदर कल्पना.

ही ग्रॅफाइटची नळी बघा, बोटाच्या पेराएवढी. पाण्यातले अणू मोकळे करणारी भट्टी ती हीच. आत पडतं फक्त 20 मायक्रोलिटर पाणी, अर्धा थेंबही नाही. आधी ते हळूहळू आटवायचं, मग त्यातला सेंद्रिय पदार्थ जाळून काढायचा. घाई केली तर थेंब उकळून उडतो आणि मोजणी वाया जाते. शेवटी एका झटक्यात तापमान दीड-दोन हजार अंशांवर. क्षणभर नळीत अणूंचा ढग तरंगतो आणि पडद्यावर रेघ उसळी घेते.

ते शिसं. पण नदीचं, की आपल्या प्रयोगशाळेचं?

अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना हाच प्रश्न पडला होता. ते उल्कांमधलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायला निघाले होते आणि नमुन्यांत हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं सापडत होतं. ते येत होतं हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून. त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोगशाळा घासूनपुसून काढली, हवा गाळून आत घेतली. 1956 साली त्यांनी वय मांडलं: सुमारे 4.55 अब्ज वर्षं. पुढे समुद्राचं पाणी तपासताना त्यांना दिसलं, की वरच्या थरात शिसं खोल पाण्यापेक्षा जास्त आहे. त्याचा माग पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशापर्यंत गेला.

म्हणून बाटल्या दिवसभर आम्लात बुडवून ठेवायच्या. नमुना घेतला की त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालायचं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटतो. आणि प्रत्येक वेळी सोबत एक कोरा नमुना: अतिशुद्ध पाणी, तीच बाटली, तेच आम्ल, तेच हात.

आता तो भट्टीत जातोय. रेघ सपाट राहायला हवी.

ती उसळली. नदीच्या पाण्यापेक्षा कमी, पण जवळजवळ निम्मी. आजचे सगळे आकडे खोडले. बाटल्या पुन्हा आम्लात.