खाली ओढा, सोडा

हा अंगठा बघा.

दादर स्टेशन, सकाळची गर्दी. गाडी यायला अवकाश आहे. अंगठा स्क्रीनच्या वरच्या टोकाशी टेकतो, यादी खाली ओढतो आणि सोडतो. चक्र गरगरतं, वर काहीतरी नवं येतं. शेजारच्या काकूंच्या फोनवर दुसरंच ॲप उघडलेलं आहे, पण त्यांचा अंगठाही तेच करतोय. पलीकडचा कॉलेजचा मुलगाही तेच. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, हाताला आपोआप सवय लागली.

ही सवय लावली लॉरेन ब्रिक्टर यांनी. त्यांनी आयफोनवर ट्विटर वाचण्यासाठी 'ट्वीटी' नावाचं ॲप केलं होतं. ट्विटरचे नोकर ते नव्हते, बाहेरचे होते. त्यांचा विचार अगदी साधा होता. नवे ट्वीट यादीच्या वर येतात, म्हणून माणूस आधीच वर वर सरकत असतो. मग टोकाला पोचल्यावर त्याने वेगळं बटण का शोधावं? तसंच आणखी थोडं ओढलं की नवं दिसावं. एवढंच.

[दृश्य: अंगठा, अगदी जवळून. चक्र थांबतं, यादी जागेवर बसते.]

थोडं मागे जाऊ. ट्विटर सुरू झालं 2006 मध्ये. त्याच वर्षी कंपनीने एपीआय खुला केला. एपीआय म्हणजे बाहेरच्या डेव्हलपरांसाठी उघडलेलं दार: आमची माहिती घ्या आणि तुमच्या पद्धतीने दाखवा. या दारातून सगळ्यात आधी आत आलेल्यांपैकी एक होती अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली 'आयकॉनफॅक्टरी' ही छोटी कंपनी. क्रेग हॉकनबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी 2007 मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांसाठी ट्विटर वाचायचं ॲप 'ट्विटरिफिक' आणलं.

[दृश्य: निळ्या पक्ष्याचं चिन्ह, पूर्ण पडद्यावर.]

हा पक्षी नीट बघून घ्या. ट्विटर म्हटलं की पक्षी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण ॲपच्या चिन्हावर पक्षी आधी बसला तो ट्विटरिफिकच्या. 'ट्वीट' हा शब्दही त्यांच्याच ॲपने वापरात आणला. आज आपल्या बातम्यांत 'मंत्र्यांनी ट्वीट करून सांगितलं' असं सहज येतं, त्या शब्दाची वाट या छोट्या कार्यालयातून गेलेली आहे. लिहिता लिहिता किती अक्षरं उरली हे दाखवणारा आकडा? तोही तिथलाच. जुलै 2008 मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, तेव्हा पहिल्या दिवशी ट्विटरिफिक तिथे होतं. ट्विटरचं स्वतःचं आयफोन ॲप मात्र नव्हतं.

ते आलं 2010 मध्ये. कसं? कंपनीने एप्रिलमध्ये 'ट्वीटी' विकत घेतलं, नाव बदललं आणि तेच 'अधिकृत' म्हणून फुकट दिलं. अंगठ्याची ती ओढ अशी अधिकृत झाली.

आणि इथून दार लोटायला सुरुवात झाली. मार्च 2011 मध्ये बाहेरच्या डेव्हलपरांना सांगण्यात आलं, आमच्यासारखीच नवी ॲप आता करू नका. ऑगस्ट 2012 मध्ये मर्यादा आली: नव्या ॲपला एक लाख वापरकर्ते, त्यापुढे आमची परवानगी. म्हणजे ॲप लोकांना आवडलं, तर तीच त्याची अडचण. 2018 मध्ये नवे ट्वीट आपोआप वाहत येण्याची सोय काढून घेतली. थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्यांनी केलेल्या, ॲपमध्ये ट्विटरच्या जाहिराती दिसत नसत, कंपनीचं उत्पन्न बुडायचं, हे खरं आहे. त्यासाठी पैसे मागता आले असते. बोलणी करता आली असती.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर लॉगिनची चूक. आवाज नाही.]

12 जानेवारी 2023. ट्विटर इलॉन मस्क यांच्याकडे येऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या रात्री ट्विटरिफिक आणि दुसऱ्या एका कंपनीचं तसंच ॲप ट्वीटबॉट, दोन्ही एकदम बंद पडली. सूचना नाही, पत्र नाही. काही दिवसांनी कंपनी म्हणाली, जुने नियम आता पाळायला लावतोय. 19 तारखेला डेव्हलपरांसोबतच्या करारात नवं कलम दिसलं: आमच्या ॲपला पर्याय ठरेल असं काही करायचं नाही. सोळा वर्षांच्या सोबत्याला एक फोनही केला नाही, हे आम्हाला अजून पटत नाही.

ट्विटरिफिक व्हॉइसओव्हरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या आयफोनच्या सोयीवर, ऐकून वापरणारे अनेक दृष्टिहीन लोक होते, त्यांनाही त्या रात्रीपासून अधिकृत ॲपच उरलं.

[दृश्य: शेवटचं अपडेट.]

वर्षाची वर्गणी भरलेल्या लोकांचे उरलेले पैसे परत करायचे होते आणि ते जाणार होते डेव्हलपरांच्याच खिशातून. म्हणून दोन्ही कंपन्यांनी बंद पडलेल्या ॲपला एक शेवटचं अपडेट दिलं. यात यादी नाही, ओढायला काही नाही. फक्त एक निरोप, आणि त्याखाली बटण: मला पैसे परत नकोत.

अंगठा त्या बटणावर येतो.